मोडीत निघालेला लष्करी ट्रक आणि साडेसात टनांचं घर

छातीला लागतील एवढी चाकं, मागे खिडक्या कापून बसवलेला चौकोनी डबा, छतावर सौर पॅनेल, आणि आत पलंग, ओटा, पाण्याच्या टाक्या. निवृत्त लष्करी ट्रकांची अशी फिरती घरं बघितली की वाटतं, हे कुणातरी सहारावेड्याच्या डोक्यातून निघालेलं असणार. वेड आहेच. पण या गाड्यांचं वजन, डब्याची लांबी, इंजिनाची निवड, इतकंच काय आतली शेगडीसुद्धा बहुतांशी शीतयुद्धानं, सरकारी लिलावानं आणि वाहन परवान्याच्या नियमांनी ठरवलेली आहे. ही गोष्ट मुख्यतः जर्मनीची आहे, कारण हा छंद तिथं जसा फोफावला तसा फार थोड्या देशांत फोफावला.

सुरुवात बटाट्याच्या शेतातून होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर डाइमलर-बेंझमध्ये काम केलेल्या आल्बर्ट फ्रीडरिश या अभियंत्यानं शेतीसाठी एक बहुउपयोगी गाडी आखली. तिच्या दोन चाकांमधलं अंतर ठेवलं १२७० मिलिमीटर, म्हणजे बटाट्याच्या दोन सऱ्यांएवढं. हीच युनिमोग. १९५१ पासून ती डाइमलर-बेंझच्या गागेनाऊच्या कारखान्यात बनू लागली. तिची खरी करामत ॲक्सलमध्ये होती. नेहमीच्या ट्रकचा ॲक्सल चाकाच्या मध्यावर येतो. युनिमोगमध्ये तो वरच्या अंगाला येतो आणि चाकाजवळच्या गिअरच्या जोडीतून ताकद खाली उतरते. त्यामुळे डिफरन्शिअलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा उंचावर राहतो आणि दगडाला टेकत नाही.

१९५५ साली पश्चिम जर्मनीनं नवं सैन्य उभारलं, आणि त्याच सुमाराला लष्करी वापराची युनिमोग ४०४ आली. १९८० पर्यंत तिच्या ६० हजारांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक जर्मन सैन्यानं घेतल्या. इंजिन मात्र पेट्रोलचं होतं. पुढे या गाड्या नागरिकांच्या हाती आल्या तेव्हा नव्या मालकांना पहिला दणका बसला तो पेट्रोल पंपावरच.

सैन्य गाड्या घेतं तसं काढूनही टाकतं. आपल्याकडे 'मिलिटरी डिस्पोजल' म्हणतात तो बाजार जर्मनीत प्रामुख्यानं एकाच दारातून चालत आला आहे: फेबेग ही सरकारी मालकीची कंपनी. १९५१ मध्ये ती निघाली तेव्हा काम होतं परक्या फौजांच्या मालाची विल्हेवाट लावणं. पुढे जर्मन सैन्य, पोलीस आणि आपत्ती निवारण दलांचा जुना माल तिच्याकडे आला. पद्धत बंद बोलीची. डेपोत जाऊन गाडी बघायची, आकडा कळवायचा आणि वाट बघायची. समोरच्यानं किती लावले ते कळत नाही. माल 'जिथे आहे, जसा आहे' या अटीवर. गाडीवर किलोमीटर अगदी कमी निघतात आणि नवखा माणूस त्यावरच भाळतो. पण वर्षानुवर्षं शेडमध्ये उभ्या राहिलेल्या ट्रकचे ब्रेकचे सिलिंडर गंजतात, रबरी होज चिरतात, सील सुकतात, टायरची नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. चाललेल्या गाडीपेक्षा उभी राहिलेली गाडी जास्त पैसे खाते, हे जुन्या ट्रकांच्या बाबतीत तरी खरं आहे.

पहिली लाट १९७० आणि ८०च्या दशकांतली. तेव्हा हौशी लोकांना परवडत होत्या त्या सीमारक्षक आणि आपत्ती निवारण दलांतून निघालेल्या गाड्या: हानोमागचा छोटा एएल-२८ आणि मर्सिडीजचा गोल नाकाचा ९११. आल्जीरियातून इन सालाह, तामानरासेत करत खाली नायजरमधल्या अगादेझला उतरणारी वाट या मंडळींची पंढरी होती. इन सालाह ते तामानरासेत हे अंतरच साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. मध्ये पाणी, डिझेल, गॅरेज यांचा भरवसा नाही. आज ज्याला 'स्वयंपूर्ण' गाडी म्हणतात ती कल्पना या टप्प्यानं घडवली. मौजमजेचा भाग त्यात थोडा होता. पाणी संपलं तर माणूस संपतो, म्हणून टाकी मोठी, एवढा साधा हिशेब होता. वीस लिटरचे जेरीकॅनही सोबत असत, आणि तेसुद्धा १९३०च्या दशकातल्या जर्मन सैन्याचंच अपत्य.

त्याच काळात ब्रिटिश मंडळी सैन्यातून निघालेले बेडफोर्ड ट्रक घेऊन प्रवाशांच्या टोळ्या आफ्रिकेत नेत होती. पण तो धंदा होता, मागच्या हौद्यात बाकं टाकली की काम भागायचं. जर्मनांनी घर बांधलं.

गोल नाकाच्या मर्सिडीजचं आपल्याशी जवळचं नातं आहे. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा चालला, आणि टाटा-मर्सिडीज हे नाव आपल्या रस्त्यांवर एक अख्खी पिढी वागवत होती. मर्सिडीजचं ओएम ३५२ हे ५.७ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि टाटाचं ६९७ हे एकाच घराण्यातले. हेच ३५२ पुढच्या दोन महत्त्वाच्या लष्करी गाड्यांत आलं: डिझेलवरची युनिमोग १३०० एल आणि टर्बो लावलेला पाच टनी मर्सिडीज ट्रक १०१७. आज फिरती घरं म्हणून या दोन गाड्यांना जी मागणी आहे, तिच्यामागे हे इंजिन मोठं कारण आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक्स नाही, डिझेलमध्ये गंधक किती याची त्याला फिकीर नाही, आणि अर्ध्या जगातल्या मेकॅनिकला ते तोंडपाठ आहे. आताच्या युरो ६ या कडक प्रदूषण-नियमांच्या इंजिनांना स्वच्छ डिझेल आणि ॲडब्लू, म्हणजे धूर शुद्ध करणारं द्रव, लागतं. ते मिळत नाही अशा देशात नवा ट्रक अडून बसतो आणि चाळीस वर्षांचा म्हातारा निघून जातो.

खरा पूर आला १९९० नंतर. जर्मनी एक झाला, आणि एकीकरणाच्या करारात संयुक्त सैन्य ३ लाख ७० हजारांवर आणायचं ठरलं. पूर्व जर्मन सैन्य बरखास्त होऊन इफा डब्ल्यू-५०, रोबूर, रशियन उराल असा सगळा गोतावळा बाजारात आला. पाठोपाठ पश्चिमेच्या गाड्याही येऊ लागल्या. त्यात भाव खाऊन गेला मॅन या जर्मन कंपनीचा कॅट-१ ट्रक, १९७६ पासून सैन्यात आलेला. हवेनं थंड होणारं डॉइट्झचं व्ही-८ इंजिन केबिनच्या मागे, चार, सहा किंवा आठ चाकं, कमान पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग, आणि न पिळवटणारी पेटीसारखी भक्कम चासी. रेडिएटर नाही म्हणजे वाळवंटात पाणी उकळण्याची भानगड नाही. आवाज मात्र असा की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं, आणि शंभर किलोमीटरला तीस लिटरच्या वर डिझेल हा बारमाही खर्च.

कॅट-१च्या न पिळवटणाऱ्या चासीचं कौतुक का, हे समजायला बाकीच्या ट्रकांचं पिळवटणं बघावं लागतं. साध्या ट्रकची चासी मुद्दाम लवचिक ठेवलेली असते. पुढचं डावं चाक ढिगाऱ्यावर चढलं आणि मागचं उजवं खड्ड्यात गेलं की दोन्ही तुळया पिळवटतात, चारही चाकं जमिनीला धरून राहतात. वर ताडपत्रीचा हौदा असेल तर तोही सोबत पिळतो, कुणाचं काही जात नाही. पण घराचा डबा ताठ असतो. तो चासीला थेट बोल्टनं आवळला तर आधी दाराची चौकट अडकते, मग कोपऱ्यातलं सील सुटतं, शेवटी तडा जातो. म्हणून चासी आणि डबा यांच्यामध्ये आणखी एक चौकट घालतात. ती एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला एका आडव्या खिळीवर झुलती ठेवतात, झोपाळ्याच्या कडीसारखी. खालची चासी पिळली तरी डबा आपला सपाट. काही जण चौकट स्प्रिंगांवर बसवतात, म्हणजे ती चासीवरून थोडी उचलली जाते आणि परत बसते. ट्रक बघायला गेलात तर रंग आणि पडदे सोडा, आधी वाकून ही जोडणी बघा. बांधणाऱ्याची अक्कल तिथं कळते.

डबाही बहुतेक वेळा सैन्याचाच. रेडिओ यंत्रणेसाठी झेपेलिन कंपनीनं बनवलेल्या कॅबिन त्याच लिलावात निघतात. लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास, म्हणजे दोन माणसांच्या संसाराला पुरेल एवढी. बाहेर-आत ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये फोम, जाड दार. चार कोपऱ्यांना कंटेनरसारखी पकड. आयतं घर! अडचण दोन गोष्टींची. एक, जोडाच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या थंडी थेट आत आणतात, आणि हिवाळ्यात श्वासाचं पाणी नेमकं गादीमागे साचतं. दोन, धातूचं हे कवच रेडिओलहरी अडवायलाच बनवलेलं, त्यामुळे खिडक्या कापेपर्यंत आत मोबाइल मुका.

आता साडेसात टनांकडे. जर्मनीत जुन्या तिसऱ्या वर्गाच्या परवान्यावर, म्हणजे साध्या मोटारीच्या परवान्यावरच, साडेसात टनांपर्यंतचा ट्रक चालवता येत असे. १९९९ पासून नव्यांना साध्या परवान्यावर फक्त साडेतीन टन मिळू लागले, जुन्यांचा हक्क राहिला. त्यामुळे हौशी माणसाचं सगळं गणित त्या आकड्याभोवती फिरू लागलं. १०१७ सारखी गाडी मुळात जास्त वजन पेलते. पण कागदोपत्री तिची क्षमता उतरवून साडेसातच्या आत आणायची, ही सर्रास चालणारी रीत. मग वजनकाट्यावर भांडण सुरू होतं. तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो. तीनशे लिटर डिझेल म्हणजे अडीचशे किलो. स्टेपनी एकटीच शंभराच्या वर, आणि ती उतरवायला छोटा हात-क्रेन, त्याचं वजन वेगळं. त्यावर कुणी ओकच्या लाकडाचा ओटा मागितला की नवरा-बायकोत तिसरा माणूस म्हणून वजनकाटा बसतो. कॅट-१ या मर्यादेत बसतच नाही. तो घेणाऱ्यानं ट्रकचा परवाना काढायचा.

नोंदणीचंही तसंच. साडेसात टनांवरच्या गाडीची नोंद ट्रक म्हणून राहिली तर पूर्वी रविवारी रस्त्यावर येता येत नसे, कारण अशा ट्रकांना जर्मनीत रविवारी बंदी असे; २०१७ पासून ती धंद्याच्या मालवाहतुकीपुरतीच उरली. 'निवासी वाहन' अशी नोंद झाली की ती कटकट सुटत असे. त्यासाठी तपासनिसाला आत पक्का बसवलेला पलंग, टेबल-बैठक, स्वयंपाकाची सोय आणि कपाटं दाखवावी लागतात. म्हणजे ओटा हा भुकेइतकाच कायद्यासाठीही असतो. १९९७ पासून तीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऐतिहासिक वाहनाची 'एच' पाटी मिळू लागली: वर्षाला सुमारे १९२ युरो एवढा ठोक कर, आणि २००८ पासून शहरांत सुरू झालेल्या प्रदूषण-नियंत्रित भागांतही प्रवेश. शीतयुद्धातल्या गाड्या एकामागून एक तिशी ओलांडू लागल्या आणि बाजार आणखी तापला. १९९९ मध्येच बवेरियातल्या बाड किसिंगेनला या छंदाची मोठी वार्षिक जत्रा सुरू झाली.

मधल्या काळात मूळची वाट मात्र बंद पडली. १९९०च्या दशकात आल्जीरियात यादवी पेटली, आणि २००३ मध्ये तिथल्या वाळवंटात ३२ युरोपीय पर्यटकांचं अपहरण झालं, त्यात जर्मन बरेच होते. ट्रक मग मोरोक्को, आइसलँड, मध्य आशिया आणि मंगोलियाकडे वळले. वाळूच्या जागी थंडी आली, तशी आतली व्यवस्था बदलली. गॅसच्या टाक्यांचे नळ देशागणिक वेगळे, म्हणून डिझेलवरच हीटर, गरम पाणी आणि शेगडीसुद्धा, म्हणजे एकाच टाकीवर सगळा संसार. उंच पठारावर हवा विरळ झाली की हीटर काजळी धरतो, ही त्याची दुखरी बाजू. लष्करी ट्रकची वीज २४ व्होल्टची आणि फ्रिज-पंप बहुधा १२चे, म्हणून मध्ये कन्व्हर्टर. सौर पॅनेल स्वस्त झाली, लिथियम बॅटऱ्या आल्या, आणि पूर्वी चार दिवसांनी इंजिन चालवून बॅटरी भरावी लागे तिथं आता महिनाभर एका जागी राहता येतं. लष्करी हिरवा रंगही याच काळात जाऊ लागला. सीमेवरच्या शिपायाला पहिल्या नजरेत सैनिक वाटू नये, हे शहाणपणाचंच. मला स्वतःला मळखाऊ वाळूचा रंग आवडतो. पांढऱ्या रंगाचे ट्रक रुग्णवाहिका वाटतात.

आपल्याकडे हा प्रकार रुजला का नाही? माल नव्हता असं नाही. जबलपूरला मॅनच्याच परवान्यावर बनलेला शक्तिमान, निसानच्या परवान्याची जोंगा आणि वन-टन, असं बरंच काही लिलावात निघत आलं, आणि डिस्पोजलच्या जीपा तर गावोगाव पळाल्या. शक्तिमानचे जर्मन भाऊबंद तिकडे घरं होऊन फिरत होते, तेव्हा इकडचे लाकडं आणि ऊस ओढत होते. पोटाचा प्रश्न आधी होता हे खरंच, पण कागदही आडवा आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर पुन्हा बोट ठेवलं. जर्मनीत तपासनीस प्रत्येक बदल बघून मंजूर करतो किंवा नाकारतो. असा सरळ रस्ता इथं हौशी माणसाला नाही. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्याचा भर नोंदणीकृत कॅरॅव्हॅन आणि त्या उभ्या करायच्या जागांवर आहे. परदेशी पाटीचे ट्रक मात्र, एप्रिल २०२५ मध्ये वाघ्याची सीमा बंद होईपर्यंत, तिथून कार्नेच्या, म्हणजे गाडी तात्पुरती देशात आणायच्या जकात-परवान्याच्या, कागदावर येत, गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळा काढत, आणि मुदत भरायच्या आत त्यांना देशाबाहेर पडावं लागे.