बागेतील लो-व्होल्टेज दिव्यांचा डिमर

बागेतली पायवाट, झाडांचे बुंधे, पायऱ्या उजळणाऱ्या 12 किंवा 24 व्होल्टच्या दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे साधन. ओल्या मातीत, कुदळीच्या टप्प्यात 230 व्होल्टची वायर नको म्हणून हे दिवे कमी दाबावर चालवतात. दाब उतरवायला ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यामुळे डिमर बसवायला दोन जागा असतात : ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे 230 व्होल्टवर, किंवा पलीकडे 12 व्होल्टवर. ही जागा चुकली की बाकीची जोडणी कितीही नेटकी असली तरी उपयोग नाही. म्हणून डिमर विकत घेण्याआधी ट्रान्सफॉर्मरवरची पाटी वाचावी.

पेटी हाताला जड लागली, आत लोखंडी पट्ट्यांचा गाभा आणि तांब्याची गुंडाळी असली आणि पाटीवर 12 व्होल्ट एसी लिहिले असले, तर डिमर अलीकडे बसतो. एमसीबी (जादा प्रवाहावर वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आलेली फेज डिमरमधून न्यायची, न्यूट्रल थेट ट्रान्सफॉर्मरला द्यायची. मात्र डिमर लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरसाठीचाच हवा. डिमर प्रत्येक अर्ध्या लहरीचा, म्हणजे सेकंदाला 100 वेळा, काही भाग कापतो. बल्बचा साधा डिमर किंवा पंख्याचा रेग्युलेटर लहरीचे दोन्ही अर्धे भाग समान कापेलच असे नाही. असमान कापले की गुंडाळीत थोडा डीसी प्रवाह शिरतो, गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही), पेटी घुमू लागते, तापते आणि शेवटी गुंडाळी जळते. सगळे दिवे काढून ट्रान्सफॉर्मर रिकामा ठेवला आणि डिमर चालूच राहिला, तरी हाच धोका असतो. हलक्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला सहसा लहरीची मागची कड कापणारा वेगळा डिमर लागतो.

आपल्याकडे आता अनेक बागांत 12 व्होल्ट डीसीचा एसएमपीएस (230 व्होल्ट एसीपासून कमी व्होल्टचा डीसी देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) आणि एलईडी स्ट्रिप असते. साधा एसएमपीएस आपला दाब कायम राखायला धडपडतो. त्याच्या अलीकडे डिमर लावला तर नॉब फिरवूनही उजेड तेवढाच राहतो आणि मग दिवे एकदम लुकलुकू लागतात. इथे पीडब्ल्यूएम (पल्स-विड्थ मॉड्युलेशन) डिमर पलीकडे हवा : एसएमपीएसचे प्लस-मायनस डिमरच्या इनपुटला, डिमरचे आउटपुट स्ट्रिपला. तो प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो आणि चालू राहण्याचा वेळ घटवून उजेड कमी करतो. अंगातच ड्रायव्हर (एलईडीचा प्रवाह सांभाळणारे सर्किट) असलेले दिवे मात्र, डिमेबल असल्याशिवाय, याला नीट जुमानत नाहीत.

वायरच्या जाडीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. 60 वॉटचा लोड 230 व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास घेतो, 12 व्होल्टवर 5 अँपिअर. 20 मीटर दूरच्या दिव्यांपर्यंत जाऊन-येऊन 40 मीटर तांबे होते. अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीत तेवढ्यात सुमारे दीड व्होल्ट गळतो, दीडच्या वायरीत जवळजवळ 2.4. दीड व्होल्ट गळाला तरी हॅलोजनचा उजेड एक-तृतीयांशाने उतरतो. मग टोकाचे दिवे मिणमिणतात आणि दोष डिमरला दिला जातो. लांबवर जायचे असेल तर 24 व्होल्टच घ्यावा. प्रवाह निम्मा होतो, गळणारे व्होल्टही निम्मे, आणि टक्केवारी चौथाईवर येते.

नुसती टेप गुंडाळलेला जॉइंट मातीत टिकत नाही. पावसाळ्यानंतर टेप सोलली की आत तांब्यावर हिरवट थर दिसतो. जेल भरलेले कनेक्टर किंवा ग्लँड (वायर आत शिरते तिथली घट्ट सील) असलेली आयपी 67, म्हणजे धूळ-पाणी रोखणारी, पेटी वापरावी. डिमर शक्यतो घरात, कोरड्या जागी.

किती मंद करायचे हे मीटरवर नव्हे, डोळ्याने ठरवावे : 10 टक्के उरलेला उजेड डोळ्याला जवळजवळ एक-तृतीयांश वाटतो. पायवाटेला एवढा सहसा पुरतो. भंडारदरा, पुरुषवाडीच्या बाजूला पावसाच्या तोंडावर काजवे निघतात. नर-मादी लुकलुकून एकमेकांना शोधतात आणि कृत्रिम उजेडात ही खूण हरवते. तिथल्या फार्महाउसवर त्या दिवसांत डिमर खाली आणून भागत नाही, बागेचे दिवे पूर्ण बंदच ठेवावेत.