रीडर कुठे बसवायचा? कार्ड वाचणाऱ्या कॉइलविषयी थोडं

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सर्वांत जास्त येणारी तक्रार एकच: "रीडर नवाकोरा आहे, पण कार्ड घेतच नाही." तपासायला जावं तर बहुतेक वेळा रीडर ठणठणीत असतो, चुकलेली असते ती त्याची जागा. म्हणून हे पत्रक खोक्यातच घातलं आहे. स्क्रू मारण्याआधी वाचा.

सोसायटीचं पांढरं कार्ड मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. आत गोल फिरलेले तारेचे वेढे आणि चिपचा काळा ठिपका दिसेल. बॅटरी दिसणार नाही, कारण ती नसतेच. तांब्याचे असेच वेढे, म्हणजेच कॉइल, रीडरमध्येही असतात. त्यांतून १३.५६ मेगाहर्ट्‌झचा प्रवाह खेळतो, म्हणजे सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तनं. त्याने समोर सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कार्डाचे वेढे त्यात आले की त्यांच्यात वीज उपजते आणि तेवढ्यावर चिप चालू होते. तत्त्व ट्रान्सफॉर्मरचंच. उत्तर देताना चिप स्वतःचा भार झपाझप कमी-जास्त करते आणि तो फरक रीडरच्या कॉइलला जाणवतो. दोरीचं एक टोक हातात धरलं की दुसऱ्या टोकाची ओढ कळते ना, तसं.

हे क्षेत्र जवळच्या जवळच असतं. कॉइलपासून लांब गेल्यावर अंतर दुप्पट झालं की जोर आठव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे "गाडीत बसल्या बसल्या वाचेल असा द्या" म्हणणाऱ्यांना आम्ही हा रीडर विकत नाही. त्यासाठी फास्टॅगसारखी, लांबून रेडिओलहरींवर वाचणारी यूएचएफ यंत्रणा लागते.

आता मुख्य मुद्दा, लोखंड. गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत आमच्याच माणसाने रीडर थेट गेटच्या पत्र्यावर बसवला. टेबलावर पाच सेंटिमीटरवरून वाचणारा रीडर तिथे कार्ड घासल्याशिवाय वाचेना. वॉचमनकाका दिवसभर लोकांची बोलणी खात होते, आणि चूक आमची होती. पत्र्यात विजेचे गोल गोल फिरणारे भोवरे प्रवाह तयार होतात, ते कॉइलचं क्षेत्र मारतात आणि तिचं ट्यूनिंगही बिघडवतात. आम्ही मागे फेराइट शीट, म्हणजे क्षेत्र पत्र्यापर्यंत पोहोचू न देणारा चुंबकीय पदार्थाचा पातळ थर, लावली, शिवाय एक सेंटिमीटर जाडीचं प्लास्टिक घातलं. तोच रीडर, त्याच गेटवर, नीट चालू लागला. दुकानातल्या स्टीलच्या काउंटरचंही हेच.

कार्ड रीडरला समांतर, सपाट धरा. काटकोनात उभं धरलं तर वेढ्यांतून क्षेत्र जातच नाही. बीप वाजेपर्यंत हलवू नका. पाकिटात दोन-तीन कार्डं एकत्र असतील तर हवं ते बाहेर काढूनच टेकवा. आणि ऑफिसचं जुनं कार्ड चालत नसेल तर ते १२५ किलोहर्ट्‌झचं असू शकतं. हा रीडर ते वाचणार नाही.

पुढची ऑर्डर देताना जागेचा एक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. गेट लोखंडी दिसलं तर फेराइट शीट आम्ही रीडरसोबतच देऊ.