बैलाचा मालक आणि ‘एलोहीम’: हिब्रू शास्त्रातले देवाचे अनेकवचन

कोकणातल्या बेने इस्रायल समाजाविषयी, म्हणजे तेलाच्या व्यवसायामुळे आणि शनिवारच्या सुट्टीमुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मराठीभाषक ज्यूंविषयी, एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. हिब्रू भाषेशी असलेला त्यांचा संबंध शतकानुशतके जवळजवळ तुटला होता, तरीही एक हिब्रू वाक्य त्यांच्या ओठांवर टिकून राहिले: ‘शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.’ इस्राएला, ऐक, परमेश्वर आमचा देव आहे, परमेश्वर एक आहे. एकेश्वरवादाची याहून ठाम घोषणा शोधून सापडणार नाही. पण या सहा शब्दांची व्याकरणाच्या अंगाने फोड केली की वाचक चकित होतो. परमेश्वराच्या चार अक्षरी नावाऐवजी आदराने उच्चारला जाणारा ‘अदोनाय’ हा शब्द रूपाने ‘माझे धनी’ असा अनेकवचनी आहे. ‘एलोहेनू’ हे ‘एलोहीम’, म्हणजे देव, या शब्दाचे ‘आमचा’ हा प्रत्यय लागलेले रूप असून तेही अनेकवचनीच आहे. आणि शेवटचा शब्द ‘एहाद’, म्हणजे एक.

देव एकच असेल तर त्याच्या नावाला अनेकवचनाचा प्रत्यय का लागला, हा प्रश्न दोन हजार वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे. त्यात खरे तर दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत, आणि बहुतेक गोंधळ त्या सरमिसळीतून होतो, असे माझे मत आहे. ‘एलोहीम’ या नामाचे अनेकवचन हा पहिला प्रश्न. देव स्वतःविषयी बोलताना काही ठिकाणी ‘आपण’ म्हणतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर व्याकरणात सापडते, तर दुसऱ्यासाठी प्राचीन पश्चिम आशियाच्या कल्पनासृष्टीत डोकवावे लागते.

हिब्रूत पुल्लिंगी नामाचे अनेकवचन साधारणपणे ‘ईम’ लावून होते. ‘सूस’ म्हणजे घोडा आणि ‘सूसीम’ म्हणजे घोडे. मराठी बायबलच्या वाचकांना परिचित असलेल्या करूब (पंख असलेला स्वर्गीय प्राणी) या शब्दाचे मूळ अनेकवचन ‘करूबीम’ असेच आहे. त्याच नियमाने ‘एलोआह’चे ‘एलोहीम’ होते. एकवचनी ‘एलोआह’ मुख्यतः ईयोबाच्या पुस्तकातल्या काव्यात भेटते, उलट ‘एलोहीम’ हिब्रू शास्त्रात, म्हणजे ख्रिस्ती ज्याला जुना करार म्हणतात त्यात, सुमारे २,६०० वेळा येते. त्यातल्या काही ठिकाणी तो शब्द खरोखरच ‘अनेक देव’ या अर्थाने आहे. दहा आज्ञांपैकी अन्य देव मानू नयेत असे सांगणाऱ्या आज्ञेत हाच शब्द आहे. मग कोठे एक आणि कोठे अनेक, हे ओळखायचे कसे?

ओळखायचे ते क्रियापदावरून. शास्त्राचे पहिलेच वाक्य ‘बेरेशीत बारा एलोहीम’ असे सुरू होते. यातले ‘बारा’, म्हणजे ‘निर्माण केले’, हे तृतीय पुरुषी एकवचन आहे. कर्ते अनेक असते तर तेथे ‘बारऊ’ आले असते. मराठी वाचकाला हे सहज उमगण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे नेमके उलट घडते. ‘गुरुजी आले’ असे म्हणताना माणूस एकच असतो, आणि आदर दाखवण्याचे काम क्रियापदाचे अनेकवचन करते. ‘देव’ या शब्दाचे रूप तर दोन्ही वचनांत सारखेच राहते, त्यामुळे ‘देव आला’ आणि ‘देव आले’ यांतला फरक सगळा क्रियापदावर पडतो. हिब्रूत नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी अशी जोडी जमते. म्हणून ‘एलोहीम’मधल्या प्रत्ययाला मराठीतल्या आदरार्थी बहुवचनाची हिब्रू आवृत्ती समजणे सोपे असले, तरी पुरते बरोबर नाही.

या जोडीचा अर्थ लावताना मला सर्वांत उपयोगी वाटलेला पुरावा कोणत्याही स्तोत्रात नसून मारक्या बैलाविषयीच्या एका कायद्यात आहे. शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात असे म्हटले आहे की, बैलाला आधीपासून मारण्याची खोड असेल, मालकाला तशी ताकीद दिलेली असेल, आणि तरीही मालकाने त्याला आवरले नाही व त्या बैलाने माणूस मारला, तर बैलाला दगडमार करावा आणि मालकालाही देहदंड द्यावा. येथे मालकासाठी ‘बेआलाव’ असा शब्द आहे. त्याचे रूप ‘त्याचे धनी’ असे अनेकवचनी आहे, पण लगेच पुढे येणारे ‘युमत’, म्हणजे ‘मारला जावा’, हे क्रियापद एकवचनी आहे. मालक एकच आहे. बैल आपल्या धन्याला ओळखतो, असे म्हणणाऱ्या यशयाच्या पहिल्या अध्यायातल्या ओळीतही, गाढवाच्या धन्यासाठी तेच अनेकवचनी रूप वापरले आहे. त्याच पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात मिसरवर, म्हणजे इजिप्तवर, येणाऱ्या एका निर्दय सत्ताधीशाला ‘अदोनीम काशे’ म्हटले आहे, ज्यात नाम अनेकवचनी आणि विशेषण एकवचनी आहे. ही सर्व उदाहरणे मालकी आणि सत्ता यांची आहेत. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्या नामाला हिब्रूत असे भारदस्त रूप मिळते, मग तो विश्वाचा धनी असो की गोठ्यातल्या बैलाचा.

अमूर्त कल्पनांसाठीही हिब्रू भाषा अनेकवचन वापरते. ‘हायीम’ म्हणजे जीवन, ‘नेऊरीम’ म्हणजे तारुण्य, ‘झेकुनीम’ म्हणजे म्हातारपण. आपणही ‘त्याचे प्राण गेले’ असे म्हणतो आणि गर्भवतीला ‘डोहाळे लागले’ असे सांगतो, तेव्हा वस्तू मोजत नसतो. ‘एलोहीम’ याचा मूळ भाव ‘देवत्वाची सारी शक्ती’ असा असावा आणि तोच शब्द त्या शक्तीच्या धारकाचे नाव झाला असावा, हे स्पष्टीकरण मला पटते.

शिवाय ही सवय केवळ इस्राएलची नव्हती. मिसरमध्ये अमार्ना येथे १८८७ साली सापडलेल्या मातीच्या पाट्यांमध्ये, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या कनानी मांडलिकांनी फारोला लिहिलेली पत्रे आहेत. त्यांत एकट्या फारोला ‘माझा सूर्य’ असे एकवचनात संबोधतानाच ‘माझे देव’ असे अनेकवचनही वापरलेले दिसते. हिब्रू शास्त्रातही हे रूप फक्त इस्राएलच्या देवासाठी राखून ठेवलेले नाही. मवाबी लोकांचा कमोश हा एलोहीम, पलिष्ट्यांचा दागोन हा एलोहीम, आणि सीदोनी लोकांची अष्टोरेथ तर देवी असूनही तिला तोच शब्द लावला आहे. त्यामुळे या प्रत्ययात इस्राएलच्या देवाच्या स्वरूपाविषयीचे एखादे गूढ दडले आहे, असा युक्तिवाद करणाऱ्याला तेच गूढ दागोनलाही बहाल करावे लागेल.

तरीही नियमाला अपवाद आहेत, आणि ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात अब्राहाम ‘देवाने मला भटकायला लावले’ असे म्हणतो तेव्हा क्रियापद अनेकवचनी आहे. पस्तिसाव्या अध्यायात याकोबाला देव प्रकट झाला, तेथेही तसेच. यहोशवाच्या चोविसाव्या अध्यायात ‘एलोहीम केदोशीम हू’ असे तीन शब्द सलग येतात, त्यांत नाम अनेकवचनी, ‘पवित्र’ हे विशेषण अनेकवचनी आणि ‘तो’ हे सर्वनाम मात्र एकवचनी आहे. मृतांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या स्त्रीला भूमीतून वर येणारे ‘एलोहीम’ दिसतात आणि ती अनेकवचनी क्रियारूप वापरते, पण राजा शौल मात्र ‘त्याचे रूप कसे आहे’ असे एकवचनात विचारतो, आणि वर येतो तो मृत संदेष्टा शमुवेल याचा आत्मा.

हे अपवाद प्राचीन नकलकारांनाही खटकले होते, आणि त्याचा माग हस्तलिखितांत सापडतो. शोमरोनी (समॅरिटन) परंपरेच्या तोरामध्ये, म्हणजे शास्त्राच्या पहिल्या पाच पुस्तकांत, अब्राहाम आणि याकोब यांच्या वरील दोन्ही वाक्यांतली क्रियापदे एकवचनी आहेत. सोन्याच्या वासराची कथा तर शास्त्राच्या आतच दोनदा येते. निर्गमच्या बत्तिसाव्या अध्यायात ‘हे तुझे देव, ज्यांनी तुला मिसरमधून वर आणले’ असे अनेकवचन आहे, आणि पुष्कळ नंतर लिहिलेल्या नहेम्याच्या पुस्तकात तीच घोषणा ‘हा तुझा देव, ज्याने तुला वर आणले’ अशी झाली आहे. एका वचनाचा हा फरक शतकांमधले वैचारिक अंतर दाखवतो.

आता दुसरा प्रश्न. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव म्हणतो, ‘नाअसे आदाम’. ‘नाअसे’ म्हणजे ‘करू’, प्रथम पुरुषी अनेकवचन. हिब्रूत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत भेद नाही, पण मराठीत आहे, आणि तो द्रविड भाषांच्या सहवासातून आला असे मानले जाते. ‘आम्ही बाजारात जाऊ’ म्हटले की ऐकणारा घरीच राहतो, आणि ‘आपण बाजारात जाऊ’ म्हटले की तो पिशवी घेऊन निघतो. त्यामुळे मराठी भाषांतरकाराला हिब्रूने मोकळा ठेवलेला निर्णय घ्यावाच लागतो. ‘आम्ही मनुष्य करू’ असे लिहिले तर तो राजाज्ञेचा थाट होतो. ‘आपण मनुष्य करू’ असे लिहिले तर समोर कोणीतरी आहे, हे मान्य केल्यासारखे होते. मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले, आणि पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ साली छापून पूर्ण झाले. अशा अभ्यासकांच्या वाटेत हा प्रश्न येतोच येतो. प्रचलित मराठी भाषांतरांनी ‘आपण’ हा शब्द निवडला आहे, आणि माझ्या मते ती निवड योग्य आहे.

राजाज्ञेचे ‘आम्ही’ येथे का बसत नाही? दहाव्या शतकातले थोर ज्यू विद्वान सादिया गाओन यांनी तसे स्पष्टीकरण दिले होते, पण बाराव्या शतकात अब्राहाम इब्न एझ्रा यांनी त्यांचे दाखले एकेक करून नाकारले. हिब्रू शास्त्रातले राजे ‘मी’ असेच बोलतात, आणि साक्षात फारोही योसेफाला ‘अनी फारो’, म्हणजे ‘मी फारो’, असे सांगतो. त्याहून अडचणीचे वाक्य उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आहे, जेथे मनुष्य ‘आपल्यातल्या एकासारखा’ झाला, असे देव म्हणतो. स्वतःला थाटाने ‘आम्ही’ म्हणणारा राजा ‘आमच्यातला एक’ असे म्हणू शकत नाही. स्वतःशी केलेला विचार, हे आणखी एक स्पष्टीकरण आहे, आणि त्याला आधारही आहे: दाविद एकाच वाक्यात ‘आपण परमेश्वराच्या हाती पडू’ आणि ‘मी मनुष्याच्या हाती न पडो’ असे म्हणतो. पण तिसऱ्या अध्यायातला तो ‘एक’ याही स्पष्टीकरणात मावत नाही.

तो मावतो दरबाराच्या चित्रात. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात उगारित हे प्राचीन नगर उजेडात आले, आणि तेथील पाट्यांमध्ये एल हा वृद्ध देव, त्याची देवसभा आणि अथिरत या देवीचे सत्तर पुत्र भेटले. हिब्रू शास्त्रात त्याच सभेचे पडसाद ऐकू येतात. स्तोत्र ८२ मध्ये एलोहीम एलच्या सभेत उभा राहतो आणि एलोहीमांच्या मध्ये न्याय करतो. एकाच ओळीत तोच शब्द पहिल्यांदा एकवचनी क्रियापदासह ‘देव’ या अर्थाने आणि दुसऱ्यांदा ‘देवांमध्ये’ या अर्थाने येतो. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात, परात्पराने राष्ट्रांच्या सीमा ‘इस्राएलच्या पुत्रांच्या’ संख्येप्रमाणे आखल्या, असे परंपरागत पाठात आहे, पण कुमरान येथे मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडलेल्या एका तुकड्यात त्याच जागी ‘बेने एलोहीम’, म्हणजे देवाचे पुत्र, असे शब्द आहेत. जुना पाठ हाच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ज्यू परंपरेला हे चित्र परके नव्हते. देवाने देवदूतांशी सल्लामसलत केली, असे मिद्राश, म्हणजे शास्त्रवचनांवरचे प्राचीन ज्यू भाष्य, सांगतो, आणि मोठ्याने लहानांचे मत घ्यावे हा धडा त्यात अकराव्या शतकातले भाष्यकार राशी यांना दिसतो. त्याच मिद्राशात, मोशे ‘आपण मनुष्य करू’ हे वचन लिहिताना थबकतो आणि पाखंड्यांना अशी पळवाट का देतोस, असे देवाला विचारतो. उत्तर येते की, तू लिही, ज्याला चुकायचे असेल तो चुको. ख्रिस्ती वाचकांनी दुसऱ्या शतकापासून या ‘आपण’मध्ये पित्याने पुत्राशी केलेले बोलणे ऐकले. श्रद्धेचे वाचन म्हणून त्याचा मान राखायला हवा, पण ज्यांनी ही हिब्रू वाक्ये लिहिली त्यांच्यापुढे त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एक देव असल्याचा, सिद्धान्त नव्हता, तो चौथ्या शतकात निश्चित झाला.

तिसऱ्या शतकातले ज्यू विद्वान रब्बी योहानान यांनी मात्र एक सूक्ष्म गोष्ट हेरली होती. जेथे जेथे असे अनेकवचन येते, तेथे उत्तर शेजारीच ठेवलेले असते. ‘आपण मनुष्य करू’ यानंतरच्या वचनात ‘निर्माण केले’ हे क्रियापद पुन्हा एकवचनी आहे. बाबेलच्या कथेत ‘चला, आपण खाली जाऊ’ असे म्हटल्यावर लोकांना पांगवतो तो एकटा परमेश्वर. विचार सभेपुढे मांडला जातो, पण कृती एकच करतो.

१ राजे या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात मीखाया संदेष्टा ही सभा डोळ्यांपुढे उभी करतो. परमेश्वर सिंहासनावर, उजवीडावीकडे स्वर्गीय सैन्य, राजा अहाबाला मोहात कोण पाडील असा सवाल, कोणी असे म्हणतो, कोणी तसे म्हणतो, आणि अखेर एक आत्मा पुढे येऊन ‘मी’ म्हणतो. यशयाच्या सहाव्या अध्यायातही सिंहासन आहे, भोवती सराफीम, म्हणजे सहा पंखांचे स्वर्गीय जीव, उडत आहेत, आणि प्रश्न एकाच श्वासात दोन वचनांत विचारला जातो: ‘मी कोणाला पाठवू? आपल्यासाठी कोण जाईल?’ या वेळी सराफीमांपैकी कोणीच पुढे येत नाही. आपल्या ओठांच्या अशुद्धतेने भ्यालेला, आणि नुकताच वेदीवरच्या निखाऱ्याने ज्याच्या ओठांना स्पर्श झाला आहे, असा एक माणूस त्या सभेत उत्तर देतो: ‘हिनेनी’, हा मी.