मालवण ते कुडाळ : एका मतदारसंघाची पार्श्वभूमी

विधानसभेच्या कुडाळ मतदारसंघाचा क्रमांक आज २६९ आहे आणि त्यात कुडाळ व मालवण हे दोन तालुके येतात. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वीच्या यादीत मात्र कुडाळ नावाचा मतदारसंघच नव्हता. होता तो मालवण. राज्याची जुनी यादी सावंतवाडीपासून सुरू होई, त्यामुळे सिंधुदुर्गाची चारही नावे, सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण आणि देवगड, अगदी अग्रभागी असत.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा या पट्ट्याची राजकीय ओळख समाजवाद्यांची होती. राजापूर लोकसभा मतदारसंघातून बॅ. नाथ पै १९५७ पासून सलग तीनदा आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून गेले. १९९१ मध्ये दंडवते पराभूत झाले. पण जमीन त्याआधीच सरकली होती: १९९० मध्ये शिवसेनेचे नारायण राणे मालवणातून आमदार झाले होते. राणे तोवर मुंबई महापालिकेतले चेंबूरचे नगरसेवक, आणि यातच या बदलाचे मर्म आहे. शिवसेना इथे आली ती चाकरमान्यांच्या सोबतीने. गणपतीला नि शिमग्याला गावी येणारा माणूस मुंबईतल्या शाखेचा आवाजही बरोबर आणी, आणि दरमहा मनीऑर्डर धाडणाऱ्याच्या शब्दाला मतदानाच्या वेळी घरात वजन असे.

राणे पुढे १९९९ मध्ये काही महिने मुख्यमंत्री झाले. २००५ मध्ये शिवसेना सोडून ते काँग्रेसमध्ये गेले आणि मालवणची पोटनिवडणूक त्यांनी मोठ्या मताधिक्याने जिंकली. पक्ष बदलला तरी मतदार त्यांच्यासोबत राहिला. मालवण मतदारसंघाची ती अखेरची लढत.

कारण मतदारसंघांच्या २००८ च्या पुनर्रचनेत, २००१ च्या जनगणनेच्या आधारे, सिंधुदुर्गाच्या चार जागांच्या तीन झाल्या आणि रत्नागिरीच्या सातांच्या पाच. राज्यातील एकूण २८८ जागा तशाच राहिल्या. मुंबईच्या जागा ३४ वरून ३६ आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या १३ वरून २४ झाल्या. घरे बंद करून नालासोपारा-डोंबिवलीकडे गेलेल्या कोकणी कुटुंबांची गणना तिकडेच झाली, त्यामुळे प्रतिनिधित्वही त्यांच्या मागोमाग गेले, असे म्हणण्यास जागा आहे.

नव्या कुडाळमध्ये देवबाग-आचऱ्याचा मच्छीमार आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा, माणगाव खोऱ्यातला शेतकरी एकाच आमदाराचे मतदार झाले. पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक बोटींतून मोठी वेढा घालणारी जाळी टाकणारे पर्ससीनवाले यांचा वाद किनाऱ्यावर जितका जिव्हाळ्याचा, तितका तो खोऱ्यात नाही. २००९ मध्ये येथून राणे विजयी झाले. २०१४ मध्ये शिवसेनेचे वैभव नाईक यांनी त्यांचा दहा हजारांहून अधिक मतांनी पराभव केला आणि २०१९ मध्ये जागा राखली. २०२४ मध्ये राणे यांचे पुत्र नीलेश यांनी नाईकांना सुमारे आठ हजार मतांनी हरवले. पक्षफुटीनंतर शिंदे गटाकडे गेलेला धनुष्यबाण नीलेश यांच्याकडे होता, तर नाईकांच्या हाती ठाकरे गटाची मशाल. काँग्रेसचे खासदार राहिलेले नीलेश अशा रीतीने वडिलांच्या १९९० च्या चिन्हावर विधानसभेत पोहोचले.

घटनेनुसार जागांची पुढची फेरमांडणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर व्हायची आहे. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ वर उतरली.