फिरकी गोलंदाज (खान्देशातील घडण)

फिरकी गोलंदाज : वेगापेक्षा चेंडूचे वळण, हवेत दिलेली उंची आणि टप्पा (चेंडू जमिनीवर पडण्याची जागा) यांवर बळी मिळवणारा गोलंदाज. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत तो बहुधा टेनिस चेंडूवर हात बसवतो, नंतर मॅटवर (काथ्याच्या किंवा तागाच्या अंथरलेल्या पट्टीवर) लेदर चेंडू टाकू लागतो आणि मातीच्या खेळपट्टीवर उशिरा येतो. त्याच्या कारकिर्दीतली निम्मी अडचण या क्रमातून उद्भवते.

ऑफस्पिनर, म्हणजे बोटांनी फिरकी देणारा, तर्जनी व मधले बोट फाकवून शिवणीवर आडवे ठेवतो. फिरकी तर्जनी देते. हाताची हालचाल कुलपात किल्ली उजवीकडे फिरवल्यासारखी असते. मनगटाने फिरकी देणाऱ्या लेगस्पिनरची पहिली दोन बोटे शिवणीवर आडवी असतात, तर दुमडलेली अनामिका शिवणीला टेकलेली असते. चेंडू सुटताना मनगट उलगडते आणि अनामिका त्याला झटका देते. पकड तीच ठेवून मनगट आणखी वळवले आणि हाताची पाठ फलंदाजाकडे आली की उलट दिशेने वळणारी गुगली होते. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या बर्नार्ड बोसांक्वेटने रूढ केली. पाकिस्तानच्या सकलेन मुश्ताकचा ‘दुसरा’ (ऑफस्पिनरचा उलट वळणारा चेंडू) पोरे हौसेने करून पाहतात. पण चेंडू टाकताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये, आणि या चेंडूत नेमके तेच होण्याचा धोका असतो. तो लवकर न शिकवलेलाच बरा.

प्रौढांचा चेंडू 155.9 ते 163 ग्रॅम वजनाचा व 22.4 ते 22.9 सेंमी परिघाचा असतो. 13 वर्षांखालील मुलांसाठी नियमात 133 ते 144 ग्रॅमचा चेंडू आहे. तालुक्याच्या मैदानावर मात्र सगळ्यांच्या हाती एकच चेंडू पडतो. लहान बोटे पुरत नाहीत, म्हणून मुलगा चेंडू तळहातात धरून ढकलतो. तो सरळ जातो, क्वचित जमिनीच्या उताराने वळतो, आणि पाहणाऱ्यांना फिरकी वाटते. ही सवय सोळाव्या वर्षी मोडणे फार जड जाते.

मॅटचे गणित वेगळे आहे. काथ्याच्या मॅटवर चेंडू जास्त उसळतो आणि चटकन वळतो. तागाची त्यामानाने मवाळ. खाली सिमेंट किंवा ठोकलेली जमीन असते आणि मॅट चारी बाजूंनी खुंट्यांनी ताणलेली असते. ताण सैल पडला की सुरकुतीवर पडलेला चेंडू कुठेही जातो, म्हणून सामन्याच्या मध्येही खुंट्या ठोकाव्या लागतात. चामड्याची चकाकी थोड्याच षटकांत जाते. अशा पृष्ठभागावर वळण आयते मिळते. गोलंदाज उंची देण्याच्या फंदात पडत नाही आणि टप्पा जरा आखूडच ठेवतो, कारण उसळीमुळे फलंदाज चुकतो. झेल मिळतात, पायचीत क्वचित.

हाच गोलंदाज काळ्या मातीच्या खेळपट्टीवर आला की फसतो. तापीकाठची ही माती कापसाची आणि केळीची. तिच्यात चिकणमाती भरपूर असल्याने ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. पाणी देऊन, योग्य ओल असताना रोलर फिरवून ती घट्ट करतात. ओल जास्त असताना रोलर लावला तर माती रोलरला चिकटते आणि पापुद्रे निघतात. तांबड्या मातीच्या तुलनेत इथे उसळी कमी आणि वेगही कमी. मॅटवरचा आखूड टप्पा इथे टाकला की फलंदाज निवांत मागच्या पायावर जाऊन पुल मारतो. टप्पा पुढे आणावा लागतो, साधारण यष्टींपासून 4 मीटरच्या आसपास, आणि चेंडू थोडा जोरात टाकावा लागतो. नाहीतर तो वळला तरी फलंदाजाला खेळायला वेळ मिळतो. पुण्याजवळच्या गहुंजे येथे 2024 साली काळ्या मातीच्या खेळपट्टीवर न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने भारताविरुद्ध कसोटीत 13 बळी घेतले. त्याचा भर प्रचंड वळणावर नव्हता, वेग बदलण्यावर आणि यष्टींच्या रेषेवर होता.

उंची देण्याचे शास्त्र थोडक्यात असे : चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी असेल तर हवा त्याला खाली खेचते. फलंदाजाला वाटतो त्यापेक्षा चेंडू आधीच टप्पा घेतो आणि पुढे सरसावलेली बॅट हवेत राहते. सरावासाठी टप्प्यावर रुमाल टाकून एकाच यष्टीवर मारा करतात. टप्पा आणि दिशेचा शेजारचा आदर्श म्हणजे नाशिकचे बापू नाडकर्णी. 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग 21 षटके निर्धाव टाकली. त्या डावातले त्यांचे पृथक्करण 32-27-5-0 (षटके, निर्धाव, धावा, बळी) होते. बळी एकही नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

हवामानाचा हात मोठा आहे. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांपर्यंत जातो. सराव पहाटे सुरू करून नऊच्या आत उरकावा लागतो. कोरड्या हवेत बोटे कोरडी पडून पकड निसटते, तर हिवाळ्यात, म्हणजे वांग्याच्या भरताच्या आणि सामन्यांच्या हंगामात, दहिवराने चेंडू ओला होऊन हातातून सटकतो. ऑफस्पिनरच्या तर्जनीची कातडी फाटते. पंचांच्या परवानगीशिवाय त्या बोटाला पट्टी लावून गोलंदाजी करता येत नाही, तेव्हा दोन-चार दिवस विश्रांती हाच उपाय.

तिन्ही जिल्हे पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतात. जिल्हा संघ, आंतरजिल्हा सामने, मग राज्याचे 16, 19 व 23 वर्षांखालील संघ आणि शेवटी रणजी असा रस्ता आहे. 16 वर्षांखालील गटात वय ठरवण्यासाठी मनगटाचा एक्स-रे काढतात. निवड चाचणीला पुण्याला रात्रभर प्रवास करून सकाळी नेटमध्ये उतरायचे असते, आणि तिथे मॅट नसते. पहिल्या दिवशी आखूड टाकणारे पोर खराब नसते, पण परीक्षकाकडे थांबायला वेळ नसतो.

रणजीत 2021 पासून दिवसाचे मानधन 20 सामन्यांपर्यंत 40,000 रुपये, 21 ते 40 सामन्यांसाठी 50,000 आणि त्यापुढे 60,000 आहे. राखीव खेळाडूला निम्मे. तिथवर न पोचणाऱ्यांसाठी खेळाडू कोट्यातली रेल्वेची नोकरी हा जुना आधार. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात तो ठाऊक नाही असे घर नसावे.

फिरकी गोलंदाज उशिरा पिकतो. दिलीप दोशी कसोटीत तिशी ओलांडल्यावर आले. राजिंदर गोयल यांनी रणजीत 637 बळी घेतले आणि मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589. पण भारताचे डावखुरे फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदी यांच्या काळातल्या या दोन्ही डावखुऱ्यांना कसोटी खेळायला मिळाली नाही. निवृत्तीनंतर बरेच जण प्रशिक्षक किंवा पंच होतात, काही खेळपट्टीच्या देखभालीकडे वळतात. मॅटवर वाढलेल्या मुलाला ते पहिल्यांदा रुमाल दोन फूट पुढे सरकवून देतात.