धुराचे निरीक्षण आणि धुराचा प्रयोग

दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार) असलेल्या रुग्णांवर धुराचा काय परिणाम होतो, हे तपासणारे अभ्यास मुख्यतः दोन प्रकारचे असतात आणि त्यांची सर्रास गल्लत होते. निरीक्षणात्मक अभ्यासात रुग्ण नेहमीसारखाच वावरतो. त्याच्याजवळ हवा मोजणारे छोटे उपकरण असते, पण त्याने कोठे जावे हे कोणी ठरवत नाही. प्रयोगात मात्र कोणी, केव्हा आणि किती वेळ धुरात राहायचे, हे संशोधक ठरवतो.

गल्लत कशी होते, हे लंडनच्या एका अभ्यासावरून स्पष्ट होते. सौम्य ते मध्यम दमा असलेले ६० प्रौढ एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि दुसऱ्या वेळी हाइड पार्कमध्ये प्रत्येकी दोन तास चालले. या रस्त्यावर तेव्हा फक्त डिझेलच्या बस आणि टॅक्सी धावत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या सेकंदात जोराने सोडलेल्या श्वासाचे प्रमाण रस्त्यावर ६.१ टक्क्यांपर्यंत घटले आणि ही घट उद्यानातल्यापेक्षा लक्षणीयरीत्या जास्त होती. धूर शहराचाच होता, म्हणून हे निरीक्षण वाटते. पण रुग्णांना तेथे संशोधकांनी पाठवले होते, त्यामुळे तो प्रयोगच आहे आणि जबाबदारीही प्रयोगाचीच, असे माझे ठाम मत आहे.

बंद कक्षातील प्रयोगात डिझेलचा धूर विरळ करून ठरावीक प्रमाणात सोडतात, कित्येकदा प्रति घनमीटर ३०० मायक्रोग्रॅम, आणि दुसऱ्या फेरीत त्याच व्यक्तीला गाळलेली हवा देतात. आज काय दिले, हे सहभागी व्यक्तीपासून लपवता येते. रस्त्यावर ते शक्य नाही. शिवाय गोंगाट, गर्दी आणि झाडांची सावलीही निकालात मिसळते. निरीक्षणात अशी सरमिसळ आणखी वाढते, कारण धुराच्या घरात राहणाऱ्याची गरिबी आणि कामाचे स्वरूपही सहसा वेगळे असते. त्याच्या घरातील धुराचे आकडे चिंताजनक दिसले, तर ते त्याला वेळीच सांगणे हे संशोधकाचे कर्तव्यच आहे.

प्रयोगात सहसा स्थिर प्रकृतीचेच रुग्ण घेतात. ही खबरदारी अत्यावश्यक आहे, मात्र त्यामुळे ज्यांना धूर सर्वाधिक बाधतो, त्यांच्याबद्दल प्रयोग फारसे बोलत नाही. रुग्णाला स्वतःला उपचाराचा लाभ नसल्याने संमतिपत्रात धोका स्पष्ट लिहिणे भाग आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अशा पाच अभ्यासांची २०१४ मध्ये अंतर्गत तपासणी झाली, तेव्हा वृद्ध हृदयरुग्णांना मृत्यूचा धोका संभवतो, ही सूचना केवळ दोन अभ्यासांच्या संमतिपत्रांत आढळली.