गर्भारपणातील लसविश्वास
गर्भारपणातील लसविश्वास : बाळ जन्मण्याआधीच त्याच्या लसीकरणाविषयी आईच्या आणि घरातल्यांच्या मनातल्या शंका फेडण्याचे काम. जागृती आणि हे काम वेगळे. जागृती भिंतीवरच्या फलकानेही होते. विश्वासाला समोर बसलेले माणूस लागते.

हे बोलणे बाळंतपणाआधी का, याचे उत्तर वेळापत्रकातच आहे. बीसीजी (क्षयरोगाविरुद्धची लस) आणि पोलिओचा ‘शून्य’ डोस जन्मानंतर लवकरात लवकर द्यायचे असतात, आणि कावीळ-बची पहिली लस २४ तासांच्या आत. त्या २४ तासांत आई दमलेली, टाके दुखणारे, खोलीत नातेवाइकांची ये-जा. कुणी म्हणते, ‘एवढ्याशा जिवाला आत्ताच कशाला टोचता?’ आणि डोस राहतो. बहुतेक वेळा हा नकार नसतोच. ‘घरी गेल्यावर बघू’ एवढेच असते. पण आईला कावीळ-ब असेल, तर जन्मावेळी बाळाला होणारा संसर्ग रोखण्याची वेळ तोवर निघून जाते. पुढे पेंटा लसीतून (कावीळ-बसह पाच रोगांवरची एकत्रित लस) मिळणारे संरक्षण ती वेळ परत आणत नाही.

आठव्या महिन्यात आईला हे पटवायचे, तर तिच्याच दंडाचा दाखला उत्तम. गरोदरपणात तिला धनुर्वात आणि घटसर्पाविरुद्ध टीडीची इंजेक्शने मिळतात. त्यातून तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोचतात. नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, त्यात स्वच्छ बाळंतपणाइतकाच या सुईचा वाटा आहे. आईकडून आलेले हे बळ उसने असते आणि काही महिन्यांत ओसरते. म्हणून मग बाळाचे स्वतःचे डोस : दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे, आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला.

ठाणे–नवी मुंबईत अडचण निराळीच. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत इथल्या चाळींत आणि टॉवरांतही टिकून आहे. नाव नोंदवले कळव्याच्या किंवा घणसोलीच्या नागरी आरोग्य केंद्रात, सोनोग्राफी तिसरीकडे आणि बाळंतपण साताऱ्याला नाहीतर चिपळूणला. सव्वा महिना सरतो न सरतो तोच दीड महिन्याचा डोस येतो, तेव्हा ती अजून माहेरीच असते आणि तिला ओळखणारी आशाताई इकडे ठाण्यात. थोडक्यात, जिने विश्वास कमावला ती ऐन वेळी जवळ नसते. शहापूर–भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर येऊन पावसाआधी परतणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या बाबतीत तर ही ताटातूट दरसाल ठरलेली.

दुसरी गोष्ट, ऐकणारी एक आणि ठरवणारी दुसरी. तपासणीला आलेल्या सुनेला आत बोलावून सगळे नीट सांगतात. सासू बाहेर बाकावर बसलेली असते. तिलाही आत घ्यावे, हे साधे शहाणपण गर्दीच्या दिवशी हमखास राहून जाते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी होते, पण रांग लांब आणि बोलायला दोन मिनिटे. खरे तर सासू-आजीच लसीची सर्वांत जुनी साक्षीदार. पन्नाशी-साठीपुढच्या अनेक बायकांच्या दंडावर देवीच्या लसीचे गोल व्रण आजही दिसतात, आणि देवीचा रोग जगातून गेल्याचे १९८० मध्येच जाहीर झाले. (देवीची भारतातली पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. ‘देवी काढणे’ हा त्या लसीसाठीचा मराठी शब्दप्रयोग.)

शंका मोठ्या अफवांच्या असतात तशा अगदी घरगुतीही असतात, आणि घरगुतीच जास्त नडतात. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, थोडा पू होतो आणि खूण राहते. हे ठाऊक नसलेली आई घाबरते, हळद लावते आणि पुढच्या डोसला जात नाही. पेंटानंतर एखाद-दोन दिवस ताप आणि मांडी दुखणे, हेही तसेच. आधी सांगितलेला ताप अपेक्षित ठरतो. न सांगितलेला ताप ‘सुईने केलेला’ ठरतो. ‘काही होत नाही’ असे ठोकून देणाऱ्यांचे बोलणे पहिल्याच तापात खोटे पडते.

पैशाचाही आधार आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणाऱ्या ५,००० रुपयांतला शेवटचा हप्ता बाळाच्या लसीकरणाचा पहिला टप्पा पूर्ण झाल्यावर मिळतो. त्याने आई केंद्रापर्यंत येते; भीतीचे उत्तर त्यात नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला, तेव्हा उद्रेकाच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला. जी समजूत बाळंतपणाआधीच घालायला हवी होती, ती त्या वेळी ऐन साथीत दारोदार जाऊन घालणे भाग पडले.

माहेरी जाणाऱ्या बाईसोबत दोन गोष्टी जायला हव्यात : माता-बाल संरक्षण कार्ड आणि त्यावर वाचता येतील अशा अक्षरांत पुढच्या तारखा. सरकारी केंद्रात लस मोफत असते आणि एका गावी सुरू केलेले डोस दुसऱ्या गावी पुढे चालू ठेवता येतात, हे अनेकींना निघताना कुणी सांगितलेलेच नसते.